जुन्या मोटरबोटीत न्हाणीची सोय: पाणी कुठून आणावे आणि कुठे सोडावे?

खाडीकाठचा

नमस्कार. दाभोळच्या खाडीत माझी एक ३१ फुटी फायबरची मोटरबोट आहे. ती १९८८ साली बांधलेली असून तीन वर्षांपूर्वी मी ती तिच्या तिसऱ्या मालकाकडून विकत घेतली. सहा सिलिंडरचे एकच डिझेल इंजिन, पुढे दोघांना झोपता येईल अशी केबिन, मध्ये स्वयंपाकाचा ओटा व बसायची जागा, आणि डाव्या हाताला जेमतेम ९० बाय ८० सेंटिमीटरची संडासाची खोली, अशी तिची रचना आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, मुलगा आणि सासूबाई, दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाने कधी हर्णैच्या बाजूला, तर कधी खाली जयगडपर्यंत जातो.

आजवर आमची अंघोळ मागच्या डेकवर बादली-तांब्यानेच होत आली आहे. मला आणि मुलाला त्यात काही उणे वाटत नाही; परंतु चहूकडे मासेमारीच्या होड्या नांगरलेल्या असताना बायकांनी उघड्या डेकवर अंघोळ कशी करायची, हा पत्नीचा प्रश्न रास्त आहे. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि हलत्या डेकवर ओणवे होऊन तांब्या भरणे त्यांना आता जमत नाही. म्हणून संडासाच्या खोलीतच हाती धरायचा शॉवर बसवावा, असे आमचे ठरत आले आहे.

सध्याची स्थिती अशी आहे. पुढच्या पलंगाखाली ९० लिटरची स्टीलची टाकी आहे आणि ओट्याच्या नळाला पायाने दाबायचा पंप आहे. १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्यांपैकी एक केवळ इंजिन सुरू करण्यासाठी राखलेली आहे. संडासाच्या खोलीच्या फरशीला आधीच्या मालकाने एक भोक पाडलेले आहे, त्यातून पाणी थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या पोकळीत, उतरते. म्हणजे त्यानेही कधीतरी हा प्रयोग केला असावा. गरम पाण्यासाठी गॅसचा लहान गिझर त्याच खोलीत लावून देतो, एका दिवसाचे काम आहे, असे गावातल्या प्लंबरने सांगितले आहे. टाकी वाढवावी का, पाणी कशाने तापवावे आणि ते जाणार कुठे, या तिन्हीबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त_यंत्री

नमस्कार. तुमच्या तीन प्रश्नांपैकी जो तुम्ही शेवटी विचारला आहे, तो सर्वांत आधी सोडवावा लागेल. बोटीवर पाणी आणणे आणि तापवणे ही पैशाने होणारी कामे आहेत. वापरलेले पाणी बाहेर काढणे हे मात्र बोटीच्या आकारावर अवलंबून असते आणि जुन्या बोटीत तो आकार आपल्याला बदलता येत नाही. घरातल्या मोरीला उतार दिला की काम भागते. तुमची मोरी कदाचित समुद्राच्या पातळीच्या खाली आहे.

ती खाली आहे की वर, हे अंदाजाने ठरवू नका, मोजून पाहा. संडासासाठी समुद्राचे पाणी आत घेणारी जी झडप आहे ती बंद करा, तिच्यावरची नळी काढा आणि त्या जागी मीटरभर लांबीची पारदर्शक नळी क्लिपने घट्ट बसवा. गवंडी पातळी काढायला वापरतात तसलीच चालेल. नळीचे मोकळे टोक हातात उंच धरून झडप हळूहळू उघडा. नळीत पाणी जिथवर चढून थांबेल, तीच बाहेरच्या समुद्राची पातळी. तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करा, झडप बंद करा आणि जुनी नळी आठवणीने पुन्हा बसवा. हे मोजमाप टाकी भरलेली असताना आणि चौघेही बोटीवर असताना घ्यावे, कारण रिकामी बोट दोन-चार सेंटिमीटर वर तरंगते आणि नेमका तेवढाच फरक आपली फसवणूक करतो.

फरशी त्या खुणेच्या चांगली हातभर वर असेल, तर पाणी आपोआप बाहेर जाऊ शकेल. ३१ फुटी बोटीत तसे असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. फरशी खाली असेल, तर पाणी एका लहान डबीत गोळा करून पंपाने वर उचलून बाहेर टाकणे, हा एकच उपाय उरतो. पाच ते आठ लिटरची प्लॅस्टिकची बंद डबी, तिच्यात पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप आपोआप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच, पाणी येण्याच्या तोंडाशी सहज काढता येणारी जाळी आणि मिनिटाला १२-१५ लिटर उचलणारा डायाफ्रामचा (रबरी पडद्याच्या हालचालीने पाणी ढकलणारा) पंप, एवढेच त्याचे साहित्य आहे. पंप पात्यांचा न घेता डायाफ्रामचा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण केस आणि साबणाचा चिखल पात्यांच्या पंपात अडकतो आणि तो पंप कोरडा फिरत राहतो. डायाफ्रामचा पंप काही काळ कोरडा फिरला तरी सहसा बिघडत नाही. बाहेर जाणारी नळी आतल्या बाजूने शक्य तितकी उंच नेऊन, तिचा उलटा यू करून, मग पाण्याच्या पातळीच्या वरच्या छिद्रातून सोडावी. समुद्राचे पाणी उलट आत येऊ नये यासाठी केवळ एकमार्गी झडपेवर विसंबू नका. अशा झडपेत एक केस अडकला तरी ती पुरती मिटत नाही.

आधीच्या मालकाने पाडलेले भोक आधी बंद करा. अंघोळीचे पाणी बिल्जमध्ये सोडले की तीन गोष्टी घडतात. साबण तळाच्या तेलात मिसळून त्याचे दुधाळ पाणी होते, आणि मग बिल्ज पंप चालू झाला की ते तेल खाडीत जाते. केसांचे गुंतवळ बिल्ज पंपाच्या जाळीत बसतात. बोटीत खरोखर पाणी शिरेल त्या दिवशी तो पंप चालेलच, याची खात्री राहत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वास, आणि तो कितीही धुतले तरी जात नाही. मी मोठ्या जहाजांवर पस्तीस वर्षे काढली आहेत. तिथे बिल्जमध्ये अंघोळीचे पाणी सोडणाऱ्याला चीफ इंजिनिअरच्या केबिनमध्ये बोलावणे येत असे.

नियमांचे म्हणाल, तर मार्पोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट हे संडासाच्या मैल्याबद्दल आहे, अंघोळीच्या पाण्याचा त्यात समावेश नाही. तरीही ओहोटी लागलेल्या खाडीत, लोक जिथे खायला कालवे (शिंपले) काढतात तिथे, फेसाचे पाणी सोडण्याआधी थोडे पुढे जावे, असे मला वाटते.

थेम्सकाठची

खाडीकाठचे दादा, त्या गॅसच्या गिझरचा विचार आजच सोडून द्या. बाकी सर्व काही नंतर वाचलेत तरी चालेल.

मी इंग्लंडमध्ये राहते आणि आमची १९७४ सालची २८ फुटी बोट टेडिंग्टनच्या वर, जिथे थेम्सला भरती-ओहोटी पोचत नाही अशा भागात असते. येथे अंतर्गत जलमार्गांवरच्या बोटींची दर चार वर्षांनी सुरक्षा-तपासणी होते, आणि एप्रिल २०१९ पासून राहण्याची जागा असलेल्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असणे सक्तीचे झाले आहे. त्यामागे बोटींच्या केबिनमध्ये गुदमरून गेलेली माणसे आहेत. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने काय होते, हे महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात वाचायला मिळतेच. ९० बाय ८० च्या खोलीत, दार लावून, चिमणीविना जळणारा गिझर काही मिनिटांत हवा विषारी करू शकतो आणि त्या वायूला वास नसतो. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर तो निदान दाराखालून बाहेर जाऊ शकतो. बोटीत तो तळाशी बिल्जमध्ये साठतो आणि तिथेच तुमच्या पंपाचे स्विच आहेत.

पाणी तापवण्याचा शहाणपणाचा मार्ग तुमच्या इंजिनातच आहे. कॅलोरिफायर म्हणजे उष्णता धरून ठेवणारी टाकी. तिच्या आत एक वेटोळे असते आणि इंजिन थंड करून आलेले गरम पाणी त्या वेटोळ्यातून फिरते. तासभर इंजिन चालले की २० लिटर पाणी फुकटात ७०-७५ अंशांपर्यंत तापते आणि टाकीचे आवरण चांगले असेल, तर रात्रीचे पाणी सकाळीही गरम मिळते. मात्र आधी एक गोष्ट तपासून घ्या. तुमचे इंजिन आतल्या बंद चक्रातल्या गोड्या पाण्याने थंड होते, की थेट समुद्राच्या पाण्याने? त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांतून थेट खारे पाणी फिरवले जात असे. तसे असेल, तर हा बेत रद्द समजा, कारण खारे पाणी ते वेटोळे खाऊन टाकेल. आतल्या बंद चक्राचे असेल, तर कॅलोरिफायर इंजिनाच्या पाणी भरायच्या टाकीपेक्षा खालच्या पातळीवर बसवा, नाहीतर नळीच्या उंच भागात हवा अडकते आणि पाणी फिरतच नाही. आमच्या बोटीत पहिले दोन महिने हेच झाले. इंजिन तापत होते आणि टाकी मात्र थंडगार राहत होती.

७५ अंशांच्या पाण्याने कातडी भाजते. म्हणून कॅलोरिफायरनंतर लगेच, गरम-थंड आपोआप मिसळणारी थर्मोस्टॅटिक झडप बसवा आणि ती ४० अंशांवर लावून ठेवा. वयस्क माणूस वापरणार असेल, तर तिथे काटकसर नको. तापताना पाणी फुगते, म्हणून दाब सोडणारी झडपही हवी.

तुमच्याकडे एक मोठी सवलत आहे, ती आम्हाला नाही. इथे वसंतात टाकीतले पाणी १० अंशांचे असते, त्यामुळे ७५ अंशांच्या २० लिटरमध्ये थंड पाणी मिसळून ४० अंशांचे मिळते ते साधारण ४३ लिटर. तुमच्या टाकीतले पाणी २८ अंशांचे धरले, तर त्याच २० लिटरमधून ७८ लिटर मिळते. म्हणजे तुम्हाला मोठा कॅलोरिफायर घेण्याचे काहीच कारण नाही. दहा-बारा लिटरचा पुरेल. बॅटरीवर पाणी तापवण्याच्या भानगडीतही पडू नका. २० लिटर पाणी २८ वरून ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिट वीज लागते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून साठ-पासष्ट अँपिअर-तास. इतकी उपसल्यावर तुमच्या एका बॅटरीत रात्रीच्या दिव्यांपुरतीही वीज उरणार नाही.

हापूसवाला

सर्व मंडळींचे ज्ञान मोठे आहे, परंतु मला थोडे वेगळे सुचवावेसे वाटते. आमच्या बागेत फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप असतो. तसाच एक नवा कोरा (औषधाला कधीही न लागलेला, हे अधोरेखित करून सांगतो) आणा, त्याच्या नळीच्या टोकाला शॉवरची लहान जाळी बसवा आणि बाहेरून काळा रंग द्या. सकाळी आठला भरून डेकवर उन्हात ठेवला, की दुपारपर्यंत पाणी अंगाला सोसेल इतके गरम होते. दांडी हलवून दाब करायचा आणि खटका दाबला की फवारा सुरू, सोडला की बंद. आमच्या घरी पाहुण्यांची अंघोळ त्यातून चार लिटरमध्ये झालेली आहे. मागच्या डेकवर तीन बाजूंनी ताडपत्रीचा पडदा आणि बसायला प्लॅस्टिकचे स्टूल ठेवले, की सासूबाईंचीही सोय होईल. पाणी डेकवरून आपसूक समुद्रात जाईल, ना डबी, ना फ्लोट, ना झडप.

निवृत्त_यंत्री

हापूसवाले, आपली सूचना मला मनापासून आवडली. अर्ध्या बोटवाल्यांनी एवढ्यावरच थांबावे, असे माझे मत आहे. पावसाळी हवेत आणि रात्री मात्र तिचा उपयोग नाही.

पाण्याच्या साठ्याबद्दल राहिले होते, ते लिहितो. घरचा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी टाकतो. ९० लिटरच्या टाकीवर तो चालवला, तर चौघांची अंघोळ होण्याआधीच प्यायचे पाणी संपेल. म्हणून मिनिटाला चार लिटरच्या आत पाणी देणारी आणि मुठीतच खटका असलेली जाळी घ्यावी. अंग भिजवायचे, पाणी बंद करायचे, साबण लावायचा, मग एक-दीड मिनिट धुवायचे. सात-आठ लिटरमध्ये स्वच्छ अंघोळ होते. तसे पाहिले तर आपला तांब्या हाच जगातला सर्वांत काटकसरी शॉवर आहे, पण तो मुद्दा तुमच्या घरी आधीच निकालात निघालेला दिसतो. पोहून आल्यावर पहिली धुलाई समुद्राच्याच पाण्याने करून शेवटी फक्त गोड्या पाण्याचा फवारा घेतला, तर आणखी बचत होते. खाऱ्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, शॅम्पूला येतो. हे मुलाला सांगून ठेवा.

टाकी वाढवण्याची घाई करू नका. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि अर्धी भरलेली टाकी बोट कलली की त्याच बाजूला धावते. वाढवायचीच असेल, तर ती बोटीच्या मधोमध, खाली आणि आत आडव्या पट्ट्या असलेली हवी. त्याऐवजी प्यायचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवले, तर ९० लिटर तुम्हाला दोन दिवस पुरतील.

पायाच्या पंपाच्या जागी १२ व्होल्टचा दाबाचा पंप लागेल. त्याच्या आधी गाळणी, स्वतंत्र फ्यूज आणि कथिल चढवलेल्या तांब्याच्या जाड तारा वापराव्यात; घरगुती वायर खाऱ्या हवेत दोन वर्षांत आतून हिरवी पडते. बोट सोडून जाताना त्या पंपाचे बटण बंद करण्याची सवय लावून घ्या. एखादी नळी निसटली, तर तो पंप इमानेइतबारे तुमची सगळी टाकी बिल्जमध्ये ओतून मोकळा होईल.

फायबर_मिस्त्री

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटींच्या फायबरची कामे करतो. वरच्या चर्चेत पंपांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ज्या फरशीवर हे सारे उभे राहणार, तिच्याकडे कोणी पाहिलेले नाही. त्या काळातल्या बोटींत संडासाची फरशी सहसा अखंड फायबरची नसते. आत प्लाय असतो आणि वर फायबरचा पातळ थर असतो. त्यात कोणी नुसते भोक पाडून ठेवले असेल आणि प्लायच्या उघड्या कडेला रेझिन लावलेले नसेल, तर इतक्या वर्षांत पाणी आत मुरलेलेच असणार. लाकडी मुठीने सगळी फरशी ठोकून पाहा. जिथे टणटणीत आवाज येतो तिथे ठीक आहे, जिथे भिजल्या पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज येतो तिथे प्लाय गेला. त्या भोकाच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टोचलात, तर लगेच उत्तर मिळेल.

प्लाय कुजलेला असेल, तर वरून पुट्टी भरून शॉवर बसवू नका. कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून काढावा, उरलेले पूर्ण वाळू द्यावे आणि मगच नवे काम चढवावे. माझी पद्धत अशी आहे की, फरशी, चारही भिंतींचा वीतभर भाग आणि दाराचा दहा सेंटिमीटरचा उंबरा हे सर्व मिळून फायबरचे एकसंध तबक करतो. कोपरे काटकोनात ठेवत नाही, अंगठा फिरेल इतके गोल करतो, म्हणजे तडाही जात नाही आणि बुरशीला जागाही मिळत नाही. तबकावर सागवानी पट्ट्यांची उचलता येणारी जाळी ठेवावी. पाय घसरत नाहीत आणि खाली पाणी वाहत राहते. सासूबाईंसाठी भिंतीला घडीचे बसायचे आसन आणि धरायला स्टीलचा दांडा हवा, पण दोन्हींसाठी भिंतीच्या मागून आधार घ्यावा लागेल. नुसत्या भिंतीत स्क्रू मारलेला दांडा पहिल्याच लाटेला हातात येतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तबकाचा उतार बोट पाण्यात असताना ठरवायचा असतो. किनाऱ्यावर ओढलेली बोट टेकूंवर कशीही कललेली असते. तिथे लेव्हल लावून काढलेला उतार पाण्यात गेल्यावर उलटा होऊ शकतो. म्हणून बोट वर काढण्याआधीच, नांगरावर उभी असताना, न्हाणीच्या चारही भिंतींवर एका पातळीच्या खुणा करून ठेवा आणि पाणी कुठल्या कोपऱ्याकडे धावते, ते वाटीभर पाणी ओतून पाहा. डबी त्याच कोपऱ्यात बसवायची. निवृत्त_यंत्री साहेबांनी सांगितलेली नळीची खूण करणारच आहात, तर हेही त्याच दिवशी उरकून घ्या.

छताला वाफ बाहेर काढणारा लहान पंखाही लावा. आपल्याकडच्या दमट हवेत पंखा नसेल, तर दुसऱ्या हंगामात दाराचा प्लाय फुगतो आणि ते लागेनासे होते. काम जून-जुलैमध्ये करणार असाल, तर मिस्त्री आतापासून सांगून ठेवा. मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत सगळ्याच होड्या किनाऱ्यावर असतात आणि आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

खाडीकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लंबरला त्याच दिवशी नको म्हणून कळवले. रविवारी चौघेही बोटीवर गेलो, टाकी काठोकाठ भरली आणि पारदर्शक नळी लावून पातळी पाहिली. न्हाणीची फरशी समुद्राच्या पातळीखाली नऊ सेंटिमीटर निघाली, त्यामुळे डबी आणि पंप यांना पर्याय नाही. वाटीतले पाणी मागच्या उजव्या कोपऱ्याकडे गेले, तिथे खूण केली आहे. मिस्त्रींचा अंदाजही दुर्दैवाने बरोबर ठरला. भोकाच्या कडेला टोचलेला स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला, तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखा काळा भुगा लागला होता.

इंजिनात आतले गोड्या पाण्याचे चक्र आहे, त्यामुळे बारा लिटरचा कॅलोरिफायर घेण्याचे ठरले आहे. टाकी आहे तीच ठेवतो. फायबरचे काम जूनमध्ये होईल, त्यासाठी मिस्त्रींना वेगळा निरोप पाठवतो.

तोवरची सोय म्हणून हापूसवाल्यांचा पंप आणून काळा रंगवला आणि डेकला ताडपत्री बांधली. सासूबाईंनी आधी त्याला नाक मुरडले, मग दुपारी स्टुलावर बसून अर्धा तास अंघोळ केली, आणि आतून आवाज दिला की पाणी फार कढत झाले आहे, एक बादली थंड पाणी आणि तांब्या द्या.